घोड्याच्या रक्तातील व इतर शरीरद्रवांतील न्यूरोपेप्टाइड्स कशी मोजावीत: प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

न्यूरोपेप्टाइड मोजण्याचे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्याचे लक्ष साहजिकच यंत्राकडे जाते. रेणू वस्तुमानावरून ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर वापरायचा की प्रतिपिंडांच्या साहाय्याने मोजणारे एलायझा किट आणायचे, यावरच सुरुवातीची चर्चा अडकून पडते. प्रत्यक्षात बिघडलेल्या आकड्यांचा माग काढत मागे गेले, तर तो बहुतेक वेळा पागेत, रक्त काढल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात जाऊन थांबतो. म्हणून या लेखात यंत्रापेक्षा नळी, बर्फ आणि घोडा यांना अधिक जागा दिली आहे, आणि ती जाणूनबुजून दिली आहे.

आधी काय मोजायचे ते नक्की करावे

चेतापेशींनी तयार करून सोडलेल्या अमिनो आम्लांच्या लहान साखळ्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. मेट-एन्केफॅलिनमध्ये अशी ५ अमिनो आम्ले असतात, ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिनमध्ये प्रत्येकी ९, सबस्टन्स पीमध्ये ११, बीटा-एन्डॉर्फिनमध्ये ३१, न्यूरोपेप्टाइड वायमध्ये ३६, सीजीआरपीमध्ये (कॅल्सिटोनिन जनुकाशी संबंधित पेप्टाइड) ३७, तर एसीटीएचमध्ये (पिट्युटरी ग्रंथीतून येणारे, अधिवृक्क ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) ३९. ही यादी पाठ करण्यासाठी दिलेली नाही. साखळीची लांबी, तिच्यावरील विद्युतभार आणि तिच्या टोकांची रचना यांवरच पुढची प्रत्येक निवड अवलंबून असते, म्हणून ती समोर असलेली बरी.

घोड्याचा या विषयाशी संबंध जुना आहे. उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांनी १९३१ साली सबस्टन्स पीचे पहिले वर्णन केले ते घोड्याच्या मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कावरून. तेव्हाचे मोजमाप म्हणजे तो अर्क दिल्यावर सशाच्या आतड्याचा तुकडा किती आकुंचन पावतो आणि रक्तदाब किती उतरतो, हे पाहणे. त्या पद्धतीत एक गुण होता, तो आजच्या पद्धतींत सहसा नसतो: ती फक्त कार्यक्षम रेणूलाच दाद देत असे. आजचे प्रतिपिंड तुटलेल्या तुकड्यालाही तितक्याच आनंदाने चिकटते. म्हणून 'मला सबस्टन्स पी मोजायचा आहे' एवढे वाक्य पुरेसे नाही. अखंड, ११ अमिनो आम्लांचा आणि शेवटच्या टोकाला अमाइड गट असलेला रेणूच मोजायचा आहे, की त्याचे तुकडेही धरून सगळा मिळून चालणार आहे, हे प्रयोगाच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.

दुसरा प्रश्न द्रवाचा. मेंदूत काय चालले आहे हे रक्तावरून कळेल, असे नवख्यांना सहज वाटते. रक्तातील सबस्टन्स पी किंवा सीजीआरपी प्रामुख्याने परिघीय चेतातंतूंतून येते, त्यावरून मेंदूबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. मेंदूचा प्रश्न असेल तर मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव, म्हणजे सीएसएफ, घ्यावा लागतो, आणि सांध्याच्या दुखण्याचा प्रश्न असेल तर सांध्यातील द्रव.

घोडा, सुई आणि पहिला अर्धा तास

घोडा घाबरला, पळाला किंवा दुखावला की त्याच्या रक्तातील बीटा-एन्डॉर्फिन आणि एसीटीएच काही मिनिटांत वाढतात. घोड्याला शांत ठेवण्यासाठी त्याच्या वरच्या ओठाला फास आवळण्याची जी जुनी युक्ती आहे, जिला पागेत ट्विच म्हणतात, तिने घोडा खरोखर शांत होतो. मात्र १९८४ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले की त्या वेळी रक्तातील बीटा-एन्डॉर्फिन वाढलेले असते. म्हणजे नमुना सहज मिळावा म्हणून जे केले, तेच मोजायच्या गोष्टीत मिसळून बसते. त्यामुळे ट्विच, गुंगीचे औषध, नुकताच झालेला प्रवास किंवा व्यायाम यांपैकी काहीही झाले असेल, तर तो नमुना एक तर घेऊ नये किंवा नोंद करून वेगळा ठेवावा. एकाच घोड्याचे रक्त पुन्हा पुन्हा घ्यायचे असेल, तर मानेच्या शिरेत कॅथेटर काही तास आधी, शक्य असल्यास आदल्या दिवशीच, पशुवैद्यकाकडून बसवून घ्यावा आणि प्रत्यक्ष नमुने घेताना कोणतीही ओढाताण होऊ देऊ नये. या सगळ्यासाठी प्राणी-नैतिकता समितीची मान्यता आधी हातात असावी लागते, हे वेगळे सांगायला नको.

ऋतूचाही परिणाम होतो. निरोगी घोड्यांतही उन्हाळ्याच्या अखेरीपासून शरद ऋतूपर्यंत एसीटीएच वर जाते, कारण पिट्युटरी ग्रंथीचा मधला भाग दिवस लहान होऊ लागल्याला प्रतिसाद देतो. पीपीआयडी या वृद्ध घोड्यांच्या विकाराचे निदान करताना संदर्भ मर्यादा ऋतुमानानुसार बदलाव्या लागतात, त्या यामुळेच. उन्हाळ्यात घेतलेला एक गट आणि शरदात घेतलेला दुसरा गट यांची तुलना करून औषधाचा परिणाम शोधणारा विद्यार्थी प्रत्यक्षात दिनदर्शिका मोजत असतो.

आता नळी. रक्त बाहेर पडले त्या क्षणापासून प्लाझ्मामधील एन्झाइम्स पेप्टाइड तोडू लागतात, आणि एन्केफॅलिनसारखी लहान पेप्टाइड्स तर साध्या तापमानाला काही मिनिटांतच संपतात. यावर उपाय तिहेरी आहे. पहिला, ईडीटीए असलेली जांभळ्या झाकणाची नळी वापरावी. ईडीटीए रक्त गोठू देत नाही, शिवाय जस्तावर चालणाऱ्या एन्झाइम्सचे जस्तही ओढून घेते, आणि सबस्टन्स पी तोडणाऱ्यांत हीच एन्झाइम्स पुढे असतात. दुसरा, अप्रोटिनिन घालावे. ते सेरीन प्रोटिएजना, म्हणजे प्रथिने व पेप्टाइड तोडणाऱ्या एन्झाइम्सच्या एका गटाला, आवर घालते, आणि दर मिलिलिटर रक्तामागे ५०० कॅलिक्रेन प्रतिबंधक एकके हे रूढ प्रमाण आहे. तिसरा आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बर्फ. नळ्या रक्त घेण्यापूर्वीच बर्फात ठेवलेल्या असाव्यात, नंतर नव्हे. मात्र एन्केफॅलिन मोजायचे असेल तर या तिन्हींनी भागत नाही, बेस्टॅटिनसारखे अमिनोपेप्टिडेज रोखणारे द्रव्यही लागते. न्यूरोपेप्टाइड वायसाठी आणखी एक शत्रू ध्यानात ठेवावा: डीपीपी-४ हे एन्झाइम त्याच्या सुरुवातीची दोन अमिनो आम्ले कापून टाकते, आणि उरलेला ३४ अमिनो आम्लांचा तुकडा वेगळ्या ग्राहींवर काम करतो. साध्या एलायझाला हा फरक दिसेलच असे नाही.

सीरम, म्हणजे रक्त गोठू दिल्यावर सुटणारा द्रव, शक्यतो टाळावा. रक्त गोठण्याची वाट पाहायची म्हणजे एन्झाइम्सना मोकळे रान द्यायचे.

घोड्याच्या रक्ताची एक खोड इतर प्राण्यांवर काम केलेल्यांना चकित करते. त्यातील तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि नळी नुसती उभी ठेवली तरी भराभर तळाशी बसतात. वर पिवळाधमक प्लाझ्मा दिसू लागतो आणि सेंट्रिफ्यूजची गरजच काय, असे वाटते. तो मोह आवरावा. अशा आपोआप सुटलेल्या प्लाझ्मात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी तरंगत राहतात, आणि नमुना गोठवून वितळवताना त्या फुटून त्यांतील एन्झाइम्स बाहेर पडतात. नमुना ४ अंश सेल्सियसला, १,६०० जी इतक्या बलाने, १५ मिनिटे फिरवावा आणि रक्त काढल्यापासून अर्ध्या तासाच्या आत प्लाझ्मा वेगळा झालेला असावा. पिवळ्या रंगाने घाबरून जाऊ नये, निरोगी घोड्याचा प्लाझ्मा माणसाच्या तुलनेत मुळातच अधिक पिवळा असतो. गुलाबी किंवा लाल छटा मात्र गंभीरपणे घ्यावी: तांबड्या पेशी फुटल्या आहेत आणि त्यांतली पेप्टिडेज एन्झाइम्स नमुन्यात उतरली आहेत. असा नमुना शक्य असल्यास पुन्हा घ्यावा.

प्लाझ्मा काढताना पिपेटचे टोक पेशींच्या थरापासून निदान अर्धा सेंटिमीटर वर ठेवावे आणि शेवटचा थोडा भाग सोडून द्यावा. तो लगेच ०.५ ते १ मिलिलिटरच्या लहान कुप्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवावा. मोठ्या कुपीत ठेवलेला नमुना प्रत्येक चाचणीसाठी वितळवावा लागतो, आणि दर वेळी त्यातून काहीतरी कमी होते. कुपीवर घोड्याचा क्रमांक, तारीख आणि वेळ तर असतेच, पण रक्त काढल्यापासून गोठवेपर्यंत किती मिनिटे गेली तेही लिहावे. पुढे एखादा आकडा विचित्र आला, की पहिल्यांदा हीच नोंद उघडली जाते.

पेप्टाइड कुठे जाते? भिंतीला

कुप्या काचेच्या नसाव्यात. कमी चिकटणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या असाव्यात. पेप्टाइडवर धनभार असतो, काचेच्या पृष्ठभागावर ऋणभार, आणि पिकोग्रॅमच्या पातळीवर, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाच्या पातळीवर, हे आकर्षण सगळा नमुना गिळू शकते. मी शिकत असताना सबस्टन्स पीचे प्रमाण द्रावण, म्हणजे ज्ञात संहतीचे तुलनेसाठीचे द्रावण, नेहमीच्या काचेच्या कुपीत करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सर्वांत पातळ तीन द्रावणांचा संकेत जवळजवळ शून्यावर आला, सर्वांत दाट द्रावण मात्र ठीक होते. दोन दिवस मी यंत्र धूत बसलो. पेप्टाइड कुठेच गेले नव्हते, ते काचेला चिकटून बसले होते, आणि द्रावण जितके पातळ तितका त्यातला मोठा वाटा भिंतीने घेतला होता.

प्लाझ्मात भरपूर प्रथिने असतात आणि तीच भिंत आधी व्यापून टाकतात, म्हणून प्लाझ्मात हा त्रास कमी जाणवतो. सीएसएफमध्ये प्रथिने अत्यल्प असतात, त्यामुळे तिथे तो सर्वाधिक असतो. प्रमाण द्रावणे आणि सीएसएफचे नमुने यांच्यासाठी कुपीत आधीच थोडे बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घालावे. नमुना पुढे मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जाणार असेल, तर ट्वीनसारखे डिटर्जंट टाळावे, कारण ते आयनीकरणात, म्हणजे यंत्रात रेणूंना विद्युतभार देण्याच्या प्रक्रियेत, धुमाकूळ घालते आणि यंत्रातून आठवडाभर निघत नाही.

याच ठिकाणी प्रमाण पेप्टाइडच्या वजनाबद्दलही सांगितले पाहिजे. बाटलीवर १ मिलिग्रॅम लिहिले असले, तरी त्यात पाणी आणि ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्लाचे क्षार असतात, आणि निव्वळ पेप्टाइड कधी तीनचतुर्थांशच भरते. बाटलीसोबत आलेल्या प्रमाणपत्रावर निव्वळ पेप्टाइडचे प्रमाण दिलेले असते. ते न पाहता केलेले द्रावण पहिल्या पायरीलाच २०–२५ टक्क्यांनी चुकते, आणि पुढचे सगळे आकडे त्याच प्रमाणात चुकत जातात.

सीएसएफ, सांध्यातील द्रव, लाळ, लघवी

सीएसएफ फक्त अनुभवी पशुवैद्यकानेच काढावा. कवटी आणि पहिला मणका यांच्यामधून घ्यायचा असेल तर सहसा घोड्याला पूर्ण भूल द्यावी लागते, कमरेच्या आणि त्रिकास्थीच्या सांध्यातून मात्र उभ्या, गुंगी दिलेल्या घोड्याचाही घेता येतो. दोन्ही ठिकाणच्या द्रवातील पातळ्या सारख्या असतील असे गृहीत धरू नये. एका अभ्यासात एकच ठिकाण ठेवावे. पहिले थेंब सोडून द्यावेत, आणि द्रवात रक्त मिसळले आहे का हे तांबड्या पेशी मोजून पाहावे, नुसत्या नजरेवर विसंबू नये.

सांध्यातील द्रव हायल्युरोनिक आम्लामुळे मधासारखा चिकट असतो आणि पिपेटमध्ये नीट चढत नाही. हायल्युरोनिडेज घालून तो पातळ करतात, पण त्यासाठी नमुना काही वेळ उबदार ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात सांध्यातील प्रोटिएज आपले काम उरकतात. म्हणून प्रतिबंधक द्रव्ये आधी घालावीत, हायल्युरोनिडेज नंतर. कमी चिकट नमुना असेल तर नुसता बफरने पातळ करून दोनदा फिरवणे मला अधिक भरवशाचे वाटते. शिवाय सुजलेल्या सांध्यात द्रवच वाढलेला असतो, त्यामुळे पेप्टाइडची एकूण मात्रा वाढूनही संहती कमी दिसू शकते.

लाळ घेणे सोपे, पण घोड्याच्या तोंडात चारा असतोच. नमुना घेण्याआधी काही काळ चारा काढून घ्यावा आणि तोंड पाण्याने धुवावे. घोड्याची लघवी गढूळ असते, त्यात श्लेष्मा आणि कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक असतात. ती फिरवून स्वच्छ करावी आणि निकाल क्रिएटिनिनच्या प्रमाणात मांडावा, एरवी घोडा किती पाणी प्यायला यावरच आकडा हलत राहतो.

निष्कर्षण: न टाळण्याची पायरी

निष्कर्षण म्हणजे मोजणीआधी पेप्टाइड प्लाझ्मातील इतर घटकांपासून वेगळे काढणे. अनेक किटांसोबतच्या पत्रकात प्लाझ्मा थेट वापरता येतो असे लिहिलेले असते. ऑक्सिटोसिनच्या बाबतीत या सोयीची किंमत फार मोठी आहे. निष्कर्षण न करता मोजलेला आकडा निष्कर्षण केलेल्या आकड्याच्या दहापट, कधी त्याहूनही कितीतरी अधिक येतो, कारण प्लाझ्मातील प्रथिने आणि इतर रेणू प्रतिपिंडाला गोंधळात टाकतात. नवख्याने तरी निष्कर्षण नेहमीच करावे.

रूढ रीत अशी आहे. १ मिलिलिटर प्लाझ्मात तेवढेच १ टक्का ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्ल मिसळून थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावे, म्हणजे बरीच प्रथिने खाली बसतात. सी-१८ काडतुसातून (पेप्टाइड धरून ठेवणाऱ्या कणांनी भरलेल्या छोट्या नळीतून) आधी अॅसिटोनायट्राइल आणि मग १ टक्का आम्ल सोडून ते तयार करावे, आणि तयार झाल्यावर नमुना घालेपर्यंत कोरडे पडू देऊ नये. वरचा स्वच्छ द्रव थेंबाथेंबाने, साधारण मिनिटाला १ मिलिलिटर या वेगाने सोडावा. इथे घाई झाली की पेप्टाइड न थांबता सरळ खाली जाते. त्यानंतर आम्लाने धुऊन, ६० टक्के अॅसिटोनायट्राइल आणि १ टक्का आम्ल यांच्या मिश्रणाने पेप्टाइड उतरवून घ्यावे. उतरवलेला द्रव निर्वात सेंट्रिफ्यूजमध्ये वाळवून चाचणीच्या बफरमध्ये पुन्हा विरघळवावा. १ मिलिलिटर प्लाझ्मा २५० मायक्रोलिटरमध्ये विरघळवला, तर नमुना चौपट दाट झाला, तेव्हा आलेला आकडा शेवटी ४ ने भागायचा आहे. हे वाक्य बाळबोध वाटेल, पण हा भागाकार विसरल्याची उदाहरणे मी प्रबंधांतही पाहिली आहेत.

किती पेप्टाइड परत मिळाले हे दर तुकडीत तपासावे. एकाच प्लाझ्माचे दोन भाग घ्यावेत, एकात निष्कर्षणापूर्वी ज्ञात मात्रा घालावी आणि दुसऱ्यात निष्कर्षणानंतर. पहिल्याचा आकडा दुसऱ्याच्या ७० टक्के आला तरी चालते, दर वेळी ७० च्या आसपास येणे महत्त्वाचे. आज ८५ आणि उद्या ४० अशी स्थिती असेल, तर पुढे जाऊ नये.

प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्या

रेडिओइम्युनोअॅसे ही किरणोत्सर्गी खूण लावलेला रेणू आणि प्रतिपिंड वापरणारी पद्धत सॉलोमन बर्सन आणि रोझालिन यॅलो यांनी इन्सुलिनसाठी विकसित केली आणि त्याबद्दल यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. किरणोत्सर्गी पदार्थ हाताळण्याच्या अडचणींमुळे आज बहुतेक ठिकाणी एलायझा किंवा केमिल्युमिनिसन्स चाचण्या वापरतात.

दोन प्रतिपिंडांच्या मध्ये रेणू पकडणारी सँडविच पद्धत अधिक नेमकी असते, पण त्यासाठी रेणूवर दोन प्रतिपिंडांना एकाच वेळी बसायला जागा हवी. एसीटीएचला ती असते. ५, ९ किंवा ११ अमिनो आम्लांच्या पेप्टाइडला सहसा नसते, तिथे स्पर्धात्मक पद्धत वापरतात. स्पर्धात्मक पद्धतीत नमुन्यातील पेप्टाइड जितके जास्त तितका रंग कमी येतो, हे पहिल्या दिवशी हमखास उलटे वाचले जाते. तिचा प्रमाण आलेख एस आकाराचा असतो आणि त्यावर चार घटकांचे लॉजिस्टिक समीकरण बसवतात, सरळ रेषा नव्हे. आलेखाच्या दोन्ही टोकांना तो सपाट होत जातो, म्हणून कमाल रंगाच्या २० ते ८० टक्के या पट्ट्यात येणारे नमुनेच विश्वासाने वाचावेत, बाकीचे पातळ किंवा दाट करून पुन्हा लावावेत.

किट घोड्यासाठी चालेल का, याचे उत्तर पेप्टाइडनुसार बदलते. सबस्टन्स पी आणि ऑक्सिटोसिन यांचा अनुक्रम माणसात आणि घोड्यात एकच आहे, त्यामुळे माणसासाठीचे प्रतिपिंड त्यांना ओळखते. मोठ्या पेप्टाइड्सच्या बाबतीत हे गृहीत न धरता घोड्याचा अनुक्रम जाहीर प्रथिन-कोशातून काढून प्रतिपिंड ज्या भागाला चिकटते त्याच्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. एसीटीएचमध्ये अडचण आणखी वेगळी आहे. घोड्याच्या पिट्युटरीच्या मधल्या भागात एसीटीएचचे पुढे तुकडे होतात: पहिल्या १३ अमिनो आम्लांपासून अल्फा-एमएसएच आणि १८ ते ३९ या भागातून क्लिप (CLIP) नावाचा तुकडा. ज्या चाचणीतील प्रतिपिंड क्लिपलाही चिकटते, ती आजारी घोड्यात आणि शरद ऋतूत फुगलेला आकडा देते. म्हणून दोन वेगळ्या चाचण्यांचे एसीटीएचचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नये.

प्रतिपिंडाला काय दिसते आहे हे तपासण्याचा सर्वांत साधा मार्ग समांतरतेचा. समजा, एका नमुन्याचे १:२, १:४ आणि १:८ असे पातळीकरण केले आणि वाचन ९६, ४७ आणि २४ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आले. पातळीकरणाने गुणल्यावर १९२, १८८ आणि १९२ मिळतात, म्हणजे नमुना प्रमाण द्रावणासारखाच वागतो आहे. आता दुसरा नमुना ९६, ७० आणि ५२ असे वाचन देतो. गुणाकार येतात १९२, २८० आणि ४१६. पातळ करत गेल्यावर मूळ आकडा वाढत जात असेल, तर नमुन्यातले काहीतरी चाचणीत ढवळाढवळ करते आहे, आणि या तिघांपैकी कोणता आकडा खरा, हा प्रश्नच चुकीचा आहे. तिन्ही सोडून द्यावेत आणि निष्कर्षणाकडे परत जावे.

मास स्पेक्ट्रोमेट्री

द्रव क्रोमॅटोग्राफीला (स्तंभातून द्रवाबरोबर वाहताना रेणू वेगळे करणाऱ्या पद्धतीला) जोडलेला तिहेरी क्वाड्रुपोल मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे आयन गाळणारे कक्ष एकामागोमाग असलेले यंत्र, प्रतिपिंडाप्रमाणे आकार न ओळखता वस्तुमान ओळखतो, त्यामुळे अखंड रेणू आणि तुकडा वेगळे करता येतात. यंत्र वस्तुमान भागिले विद्युतभार हा आकडा दाखवते. सबस्टन्स पी दोन प्रोटॉन घेऊन ६७४.४ वर आणि तीन घेऊन ४४९.९ वर दिसतो, ल्यू-एन्केफॅलिन एका प्रोटॉनसह ५५६.३ वर आणि मेट-एन्केफॅलिन ५७४.२ वर. पहिल्या क्वाड्रुपोलने हा आयन निवडायचा, मधल्या कक्षात वायूवर आपटून तो फोडायचा आणि तिसऱ्याने ठरावीक तुकडे मोजायचे. किमान दोन तुकडे मोजावेत, आणि नमुन्यातील त्यांचे परस्पर प्रमाण प्रमाण द्रावणातील प्रमाणाशी जुळते का ते पाहावे. जुळत नसेल तर तिथे दुसरेच काहीतरी दडलेले आहे.

सबस्टन्स पीच्या शेवटी मिथिओनिन आहे, आणि ते हवेतील ऑक्सिजनने सहज ऑक्सिडाइज होते. वस्तुमान १६ ने वाढते, दुहेरी भाराचा आयन ६८२.४ वर सरकतो आणि ६७४.४ वरची शिखरे लहान होतात. नवखा याला पेप्टाइड कमी झाले असे वाचतो. म्हणून दोन्ही ठिकाणी पाहण्याची सवय ठेवावी. अमाइड टोक गमावलेला रेणू त्याहून चलाख आहे. त्याचा फरक फक्त ०.९८४ इतका असतो, मूळ रेणूच्या पुढच्या समस्थानिकाशी तो जवळजवळ जुळतो, आणि तिहेरी क्वाड्रुपोलला तो वेगळा दिसत नाही. त्याला वेगळे करायचे ते स्तंभावरच, वेळेच्या फरकाने, किंवा उच्च विभेदनाच्या यंत्रावर.

प्रत्येक नमुन्यात निष्कर्षणापूर्वीच समस्थानिक-चिन्हांकित पेप्टाइड ठरावीक मात्रेत घालावे. कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ असलेले एक ल्युसीन घातले की वस्तुमान ७ ने वाढते, बाकी सारे वर्तन मूळ पेप्टाइडसारखेच राहते. भिंतीला चिकटणे, काडतुसातला तोटा, आयनीकरणातली घट हे सारे दोघांना सारखेच भोवते, आणि गुणोत्तर टिकून राहते. पैसे वाचवायचे असतील तर ते यावर वाचवू नयेत. मात्र चिन्हांकित पेप्टाइडमध्ये थोडेसे न चिन्हांकित पेप्टाइडही असू शकते. फक्त तेवढेच घातलेला कोरा बफर आधी चालवून पाहावा.

क्रोमॅटोग्राफीत फॉर्मिक आम्ल वापरावे. ट्रायफ्लुओरोअॅसेटिक आम्लाने शिखरे देखणी येतात, पण संकेत दबतो, म्हणून निष्कर्षणातले आम्ल वाळवताना पूर्ण घालवावे. सर्वांत दाट प्रमाण द्रावणानंतर कोरा नमुना लावावा. पेप्टाइड सुईला आणि नळ्यांना चिकटून पुढच्या नमुन्यात उतरते, आणि हे एकदा तपासून भागत नाही. प्लाझ्मातील पातळी यंत्राच्या मर्यादेखाली असेल, तर चुंबकीय मण्यांवर बसवलेल्या प्रतिपिंडांनी पेप्टाइड आधी गोळा करून मग यंत्रात सोडण्याची संमिश्र पद्धत वापरतात. मला स्वतःला कमी पातळीच्या पेप्टाइड्ससाठी हीच सर्वांत समाधानकारक वाटते.

कोरा प्लाझ्मा मिळत नाही, मग प्रमाण आलेख कशात काढायचा

बाहेरून दिलेले औषध मोजताना ते न दिलेल्या घोड्याचा प्लाझ्मा कोरा असतो. नैसर्गिक पेप्टाइड मात्र प्रत्येक घोड्यात असतेच. २०२२ साली अंतिम झालेल्या आयसीएच एम-१० या, औषधांसाठीच्या जैवविश्लेषण पद्धतींच्या पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत यासाठी मान्य मार्ग दिलेले आहेत. पर्यायी माध्यम, म्हणजे अल्ब्युमिन घातलेला बफर किंवा कोळशाने पेप्टाइड काढून टाकलेला प्लाझ्मा, हा सर्वांत वापरला जाणारा मार्ग आहे, पण पर्यायी माध्यमातील आलेख आणि खऱ्या प्लाझ्मातील आलेख समांतर आहेत हे दाखवावे लागते. दुसरा मार्ग चिन्हांकित पेप्टाइडचाच आलेख खऱ्या प्लाझ्मात काढण्याचा.

तिसरा, प्रमाण भर घालण्याचा मार्ग शिकण्यासाठी उत्तम आहे. एका प्लाझ्माच्या चार भागांत ०, २५, ५० आणि १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर इतकी भर घातली आणि चिन्हांकित पेप्टाइडशी गुणोत्तर ०.२००, ०.३२५, ०.४५० आणि ०.७०० आले, असे धरू. रेषेचा चढ दर पिकोग्रॅममागे ०.००५ आहे. काहीही न घालता आलेले ०.२०० भागिले ०.००५ म्हणजे ४०, हीच मुळातली पातळी. हा मार्ग प्रत्येक नमुन्याला परवडत नाही, कारण त्याला चौपट प्लाझ्मा लागतो, परंतु पर्यायी माध्यमाने दिलेला आकडा ४० च्या जवळ आहे का हे पडताळायला तो फार उपयोगी पडतो.

अचूकतेच्या मर्यादाही त्याच तत्त्वांत आहेत: क्रोमॅटोग्राफीसाठी अपेक्षित मूल्यापासून १५ टक्के आणि सर्वांत खालच्या पातळीला २० टक्के, प्रतिपिंडी चाचण्यांसाठी अनुक्रमे २० आणि २५ टक्के. नियंत्रण नमुने बफरमध्ये न करता अनेक घोड्यांचा प्लाझ्मा एकत्र करून त्याचेच करावेत. कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन पातळ्यांच्या लहान कुप्या एकदाच भरून ठेवाव्यात आणि प्रत्येक तुकडीत सुरुवातीला व शेवटी लावाव्यात. एकाच घोड्याचे आधीचे आणि नंतरचे नमुने एकाच प्लेटवर असावेत, आणि उपचार केलेले सगळे घोडे प्लेटच्या कडेला जाऊन बसणार नाहीत अशी मांडणी करावी, कारण कडेच्या खणांत बाष्पीभवन वेगळे होते.

निकाल लिहिताना

एकके एकच ठेवावीत. सबस्टन्स पीचे रेणुवस्तुमान १,३४७.६ आहे, त्यामुळे १ पिकोमोल प्रति लिटर म्हणजे १.३५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर, आणि १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे सुमारे ७४ पिकोमोल प्रति लिटर. दोन लेखांतील आकड्यांत दिसणारी तफावत पुष्कळदा एवढ्यानेच मिटते.

मोजणीच्या मर्यादेखालील नमुन्यापुढे शून्य लिहू नये, 'मर्यादेपेक्षा कमी' असे लिहून मर्यादाही द्यावी. पद्धतीच्या वर्णनात नळीचा प्रकार, प्रतिबंधक द्रव्ये, रक्त काढल्यापासून गोठवेपर्यंतचा वेळ, निष्कर्षण केले की नाही, परत मिळालेल्या पेप्टाइडची टक्केवारी, समांतरतेचे आकडे, चाचणी कोणत्या तुकड्यांना प्रतिसाद देते आणि नमुना कोणत्या महिन्यात, कोणत्या अवस्थेतील घोड्याचा घेतला, हे सारे लिहावे. टाकून दिलेले नमुने आणि ते का टाकले, हेही त्याच परिच्छेदात यावे. ट्विच लावून घेतलेला एखादा नमुना नजरचुकीने विश्लेषणात गेलाच असेल, तर तोही तिथेच सांगावा.